पगार तोच, मग नोकरी बदलू का?

प्रश्न : ताई, मी फैजपूरचा. जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात हिशेब बघतो. ४ वर्षं १० महिने झाले. पगार २१,०००, त्यात बेसिक १३,०००. तीन दिवाळ्या गेल्या, रुपया वाढला नाही. मालक हमालांसमोर वाट्टेल ते बोलतात. रविवारी संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. येण्याजाण्यात रोज तीन तास जातात. सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याकडे जागा आहे, पण पगार एवढाच. घरचे म्हणतात, वाढ नाही तर जायचं कशाला? काय करू?

उत्तर : भाऊ, जा. पण दोन महिने थांबून जा.

हे मी माझ्या चुकीवरून सांगते. एका जिनिंगच्या ऑफिसात होते. ऐन कपाशीच्या हंगामात, वजनाची चिठ्ठी हरवल्याचा आळ सगळ्यांदेखत माझ्यावर आला. ती चिठ्ठी संध्याकाळी पावतीबुकातच सापडली, पण तोवर मी कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवून निघाले होते. पाच वर्षांना चार महिने कमी होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं नोकरी केल्यावर सोडताना मालकाकडून मिळते ती एकरकमी रक्कम, गेली. घरी पत्रे बदलायचे होते, ते पुढच्या पावसाळ्यातही गळत राहिले.

तुमच्या ग्रॅच्युइटीचा हिशेब मांडून बघा. महिना २६ दिवसांचा धरून वर्षामागे १५ दिवसांचं बेसिक मिळतं. १३,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला ७,५००. पाच वर्षांचे ३७,५००. राजीनामा दिला तर हे पैसे पाच वर्षं भरल्यावरच मिळतात. एवढ्या रकमेसाठी आणखी साठ दिवस ती बोलणी ऐकून घ्या. जायचा दिवस ठरला की ती सोसवतातही.

आता घरच्यांचं म्हणणं. पंचवीस दिवस धरले तरी महिन्याचे ७५ तास एसटीत जातात. सावदा तर तुमच्या हाकेच्या अंतरावर. कळण्याची भाकरी तव्यावरची गरम खायला मिळेल, पोरं जागी असताना घरी पोहोचाल. याला मी वाढच म्हणते.

मात्र व्यापाऱ्याला एक गोष्ट आधीच विचारा : पीएफ कापता का? वीसपेक्षा कमी माणसं असली तर तो बहुधा नसेल. तसं असेल तर कारखाना बेसिकवर भरतो ते १२ टक्के, म्हणजे महिन्याचे १,५६० रुपये बुडतील. मग पगार ‘तेवढाच’ राहत नाही. तेवढे तरी वाढवून मागा, मागायला लाजू नका. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या झाल्या आणि माल घटला, तर पगार चालू राहील ना, हेही विचारा. हे सगळं लिहून घ्या.

जुना पीएफ काढून खाऊ नका. नव्या जागी कापत असतील तर त्याच यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या पीएफ क्रमांकावर, तिकडे वळवून घ्या.

नेमणूकपत्रात नोटीस किती दिवसांची आहे ते आजच बघा. शेवटचा दिवस पाच वर्षं पूर्ण झाल्यानंतरचाच धरा आणि राजीनाम्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.