वळण जिथून जाईल, तिथल्यांना विचारलेस का?

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

हायटेन्शन लाइनवरच्या हरकतीचा तुझा मसुदा आणि सोबतचे पत्र, दोन्ही वाचले. मसुदा नेटका आहे, पत्र गोंधळलेले आहे, आणि मला पत्रच अधिक खरे वाटले. 220 केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी गावाच्या उत्तरेकडून वळवावी, असा ठराव लिहिण्याचे काम ग्रामसभेने तुझ्यावर सोपवले, तू नकाशावर रेघ ओढलीस, आणि मग तुझ्या ध्यानात आले की ती रेघ गायरानातल्या धनगरवस्तीवरून जाते आणि त्या वस्तीतला एकही माणूस सभेला नव्हता. आता सही करू की नको, असे विचारतेस. करू नकोस. ज्याच्या दारावरून वळण जाणार, त्याच्याशी बोलल्याशिवाय वळण मागायचे नाही.

त्यांनाही हरकत घेता येईलच की, असे तू पत्रात एका ठिकाणी लिहिले आहेस. कुठे आणि केव्हा घेतील? पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेत वीज वाहून नेणाऱ्या पारेषण वाहिन्या येत नाहीत, त्यामुळे खाणीसाठी होते तशी सक्तीची जनसुनावणी इथे होत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली वाहिनी उभारणाऱ्याला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देता येतात, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्याने तो जुना कायदा रद्द करतानाही वाहिन्यांपुरता त्याचा तिसरा भाग जिवंत ठेवला आहे. त्यात जमीनमालकाची पूर्वसंमती लागत नाही. शेतकऱ्याने काम अडवले तर प्रकरण जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जाते, मोबदला अपुरा वाटला तर जिल्हा न्यायाधीशांकडे. मार्गाविषयी जे काय बोलायचे ते सर्वेक्षण चालू असताना, तहसीलदारांनी बोलावलेल्या एखाद्या बैठकीतच बोलून घ्यावे लागते. पाया खणला गेला की उरते ती रकमेची घासाघीस. त्या बैठकीत तू वस्तीला नेले नाहीस, तर तिला दुसरी बैठक मिळणार नाही.

“फक्त दोन टॉवर सरकवावेत” हे मसुद्यातले वाक्य तर काढूनच टाक; सर्वेक्षणात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला ते वाचणे सोसत नाही. सरळ रेषेतला टॉवर मुख्यतः तारांचा भार वाहतो, पण वळणावरच्या टॉवरला त्यांची ओढ एका अंगाने सोसावी लागते, म्हणून त्याला लोखंड जास्त आणि पाया मोठा. दोन अंशांपलीकडे वळण गेले की टॉवरचा प्रकारच बदलतो. त्यामुळे कोणीही शहाणा सर्वेक्षक मधला एखादा टॉवर उचलून बाजूला ठेवत नाही, तो दोन वळणबिंदूंमधली सगळी ओळच हलवतो, आणि तिच्यासोबत तारांखालचा साधारण 35 मीटर रुंदीचा पट्टाही हलतो. तुझ्या रेघेने किती नवे गट नंबर पट्ट्यात येतात, त्याची यादी मसुद्यात नाही. ती यादी केलीस म्हणजे कोणाकोणाच्या दारी जायचे तेही कळेल.

गायरान नकाशावर मोकळे दिसते. प्रत्यक्षात तिथे काटेरी कुंपणाचा मेंढ्यांचा वाडा आहे, आणि वाड्याला सावली एकाच बाभळीची. तारांखाली उंच झाड ठेवत नाहीत, तेव्हा ती बाभळ आधी जाईल. केंद्राच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचना टॉवरच्या पायाखालील जमिनीसाठी किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी 30 टक्के मोबदला सांगतात. पण हा हिशेब सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचा आहे. तुमच्या ऊसवाल्यांना लाइन नको असली तरी निदान पैसे मिळतील. वस्तीला लाइन मिळेल, पैसे नाहीत. हे तुला दिसले म्हणूनच तू मला पत्र लिहिलेस. मग सभेत का बोलली नाहीस?

रागावू नकोस. सभेत चुलते, मामा समोर बसलेले असताना बोलणे किती जड जाते, ते मी जाणतो. निवृत्तीनंतर आमच्याकडे लाइन आली, तेव्हा पलीकडच्या वाडीला बोलावल्याशिवाय वळणाचा अर्ज द्यायचा नाही, म्हणून मी अडून बसलो. वाडीतली माणसे येईपर्यंत मुदत टळली आणि लाइन मूळ आखणीनेच, माझ्या चुलत्यांच्या डाळिंबाच्या बागेतून गेली. घरच्यांचे वाटोळे केले असे भाऊबंद आजही म्हणतात. म्हणोत. न विचारता लाइन वाडीवर ढकलली असती, तर तिथली माणसे काय म्हणाली असती, हे भाऊबंदांपैकी कोणी मला सांगितलेले नाही. चुलत्यांनी माझ्याकडे येणे सोडले, याची खंत आहे. तो अर्ज पुन्हा समोर आला, तर मी पुन्हा अडून बसेन.

आणि मार्ग बदलतच नाहीत, असेही समजू नकोस. गोव्यात मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या 400 केव्ही वाहिनीसाठी नवा पट्टा तोडण्याऐवजी आधीच्या 220 केव्ही वाहिनीचा पट्टा वापरावा, अशी शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने 2021 मध्ये केली आणि न्यायालयाने पुढच्या वर्षी ती स्वीकारली. तुमच्या दक्षिणेला जुनी 132 केव्ही लाइन आहे, असे तूच लिहितेस. तिच्या कडेने जागा निघते का, हे मसुद्यात कोणी तपासलेलेच नाही, कारण तिकडे सरपंचांचे शेत आहे. तो पर्याय जरूर मांड, मात्र तिथेही नियम तोच: जुन्या लाइनखाली आधीच नांगर धरणाऱ्याला दुसऱ्या लाइनविषयी विचारल्याशिवाय मांडायचा नाही.

तेव्हा आधी तलाठ्याकडून गटांचा नकाशा घे आणि दोन्ही मार्ग पायी चालून ये. वस्तीवर संध्याकाळी जा, दिवसा माणसे मेंढ्यांमागे असतात. ठराव वाचून दाखव, त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि ते हरकतीला जोड, मग ते तुमच्या ठरावाविरुद्ध का असेना. सरपंच चिडले तर माझे नाव सांग. नवा मसुदा झाला की पाठव. यादी जोडलेली नसेल तर मी तो वाचणार नाही.