पाण्यावरच्या खोलीचं खरं भाडं

प्रश्न: आम्ही नवरा-बायको ठाण्यात नोकरी करतो. फेब्रुवारीत लग्नाला १५ वर्षं होतील म्हणून चार रात्री मालदीवला जातोय. मुलगी आजीकडे राहील. विमानाची तिकिटं काढून झाली आहेत. पाण्यावरचा व्हिला रात्रीला ४५० डॉलर, माफुशी बेटावरचं गेस्ट हाउस ८० डॉलर. सहलीसाठी सव्वादोन लाख बाजूला ठेवलेत. व्हिल्यासाठी एफडी मोडावी की नो कॉस्ट ईएमआय घ्यावा?

उत्तर: दोन्ही नको. आणि तरीही व्हिल्यात राहा, फक्त चारही रात्री नाही.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये ४५० च्या पुढे अधिकची दोन चिन्हं आहेत. खरी मेख तिथेच आहे. पहिलं चिन्ह १० टक्के सेवा शुल्काचं, दुसरं जीएसटीचं. मालदीवमध्ये पर्यटनावरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय आणि तो सेवा शुल्क धरून आलेल्या रकमेवर लागतो. म्हणजे चार रात्रींचे १,८०० डॉलर पाहता पाहता २,३१७ होतात. शिवाय ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांकडून घेतला जाणारा पर्यावरण कर: रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर, तुमचे झाले ९६.

मग विमानतळावरून रिसॉर्टवर नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. जाऊन-येऊन माणशी ५०० डॉलर तुम्हाला सांगितलेत. ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान संध्याकाळी उतरत असेल तर पहिली रात्र राजधानी माले किंवा शेजारच्या हुलहुमालेच्या हॉटेलात जाते आणि व्हिल्याचं भाडं बुडतं ते वेगळंच.

जेवणाचं काय? रिसॉर्टचं बेट म्हणजे एकच हॉटेल. कोपऱ्यावर जाऊन वडापाव खाऊ म्हणायची सोय नाही. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून रोज माणशी ८० डॉलर, त्यावर पुन्हा तेच कर. सगळं मिळून ४,२३६ डॉलर. ९० रुपयांचा डॉलर धरला तर तीन लाख ८१ हजार. तुमच्या डोक्यात मात्र नुसत्या खोलीचे एक लाख ६२ हजार आहेत.

माफुशीचा हिशोब सरळ आहे. हे स्थानिक लोकांच्या वस्तीचं बेट. अशा बेटांवर गेस्ट हाउसना परवानगी मिळाली ती गेल्या वीसेक वर्षांतच. ५० पेक्षा कमी खोल्या असतील तर ग्रीन टॅक्स निम्मा, मालेहून स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोचता, जेवायला रस्त्यावर हॉटेलं आहेत. स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत पाण्याखालचे मासे बघणं), वाळूचा दांडा, डॉल्फिन या सहली इथून रिसॉर्टपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. अडचणी म्हणाल तर दारू बेटावर मिळत नाही (हौशी लोक समुद्रात नांगरलेल्या बोटीवरच्या बारमध्ये जातात), आणि पोहण्याचे तोकडे कपडे ठरलेल्या किनाऱ्यावरच चालतात. देशाचा तुरुंगही याच बेटावर आहे, पण त्याने तुमचं काही अडत नाही.

माझं मत: आधी दोन रात्री माफुशी, मग दोन रात्री व्हिला. मात्र रिसॉर्ट दक्षिण माले अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं; माफुशी याच अटॉलमध्ये आहे), स्पीडबोटीने जाता येईल असं निवडा. एक सीप्लेन टाळलं की हजार डॉलरमधले सातशे तरी वाचतात, आणि व्हिल्याखालचं पाणी तितकंच निळं असतं. समुद्रातले फेरफटके माफुशीत उरकून घ्या, म्हणजे व्हिल्यात निवांत लोळता येईल. बोटी आणि जेवण धरून हा बेत दोन लाखांच्या आसपास बसतो. उरलेले पंचवीसेक हजार सहली आणि कार्डवरच्या परकीय चलनाच्या शुल्कासाठी. बऱ्याच कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्के असतं.

एफडीबद्दल: तुम्ही कळवलंय त्यानुसार ती पाच लाखांचीच आहे आणि घराचा हप्ता चालू आहे. नोकरी गेली किंवा कुणी आजारी पडलं तर तोच एक आधार. मुदतीआधी मोडल्यास व्याजही कापलं जातं. नो कॉस्ट ईएमआयमध्ये व्याज सवलतीत वळतं केलं तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याच माथी येतं. शिवाय सहल विसरली तरी हप्ता चालूच राहतो. तेव्हा तेही नको.

पैसे भरण्याआधी रिसॉर्टला एक मेल टाका: सर्व कर, ग्रीन टॅक्स, बोट आणि जेवण धरून दोघांची एकूण रक्कम लेखी द्या; माफुशीहून परस्पर न्यायला बोट येईल का, तेही कळवा. पॅकेज इथल्या ट्रॅव्हल एजंटकडून घेतलंत तर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जाईल. तो ज्याच्या पॅनवर कापला जातो, त्यानेच रिटर्नमध्ये दाखवून परत मिळवायचा, तेव्हा पॅन कुणाचा द्यायचा ते आधीच ठरवा.