दक्षिण आशियातले देश माहिती अधिकार कायद्याच्या बाबतीत एकमेकांना सहकार्य करू शकतात का? भारताने शेजाऱ्यांना काय शिकवावं?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. शेजाऱ्यांना शिकवायचं नंतर बघू, आधी त्यांच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे. आमच्या दादाशी (चुलतभाऊ, सरकारी नोकरीतून रिटायर्ड) माझा कित्येक वर्षं हाच वाद चालूय. त्याचं म्हणणं, आपला 2005 चा कायदा जगात भारी, बाकीचे आपलं बघून शिकले, आणि घोळ होत असेल तर तो ऊठसूट अर्ज टाकणाऱ्यांमुळे.

आता माझं ऐका. आमच्याकडे नळ-पाणीपुरवठा योजनेचं काम झालं, टाकी उभी राहिली, बिलं निघाली, पण वरच्या वस्तीत पाणी काही चढलं नाही. मी अर्ज टाकला. अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) आणि ठेकेदाराला दिलेली बिलं, एवढंच मागितलं, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. उत्तर आलं की अर्ज 150 शब्दांच्या वर आहे, विषय एकापेक्षा जास्त आहेत, सबब निकाली काढण्यात येत आहे. एकाच योजनेचे चार कागद हे चार विषय कसे काय होतात? पण महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमाच्या आड लपून तसं करता येतं. कर्नाटकात एक विषय आणि 150 शब्दांची अट 2008 पासूनच होती. केंद्राच्या 2012 च्या नियमात मात्र 500 शब्द आहेत आणि वर स्पष्ट लिहिलंय की शब्द जास्त झाले एवढ्याच कारणावरून अर्ज नाकारायचा नाही. सोयीचा नियम आणि अडवणारा नियम दोन्ही समोर असताना राज्यं कुठला उचलतात ते बघा.

मग कागदागणिक वेगळा अर्ज केला. एमबीच्या अर्जावर उत्तर काय तर "सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही". पहिल्या अपिलात त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांनी तेच कायम केलं. दुसऱ्या अपिलाची (ते माहिती आयोगाकडे जातं) तारीख लागेपर्यंत गावात सरपंच बदलला, ग्रामसेवक बदलला. सुनावणीत एकच प्रश्न विचारला गेला, पुस्तिका हरवली म्हणता तर पोलिसात तक्रार दिलीय का? त्यानंतर थोड्याच दिवसांत एमबी त्याच कार्यालयाच्या कपाटात सापडली. पान उघडलं तर वरच्या वस्तीपर्यंत पाइपलाइन टाकल्याची नोंद, लांबीच्या आकड्यावर वेगळ्या शाईने गिरवलेलं, खाली सही. त्या वस्तीत पाइपसाठी कधी चरसुद्धा खणला गेलेला नाही. आपल्या कायद्याच्या कलम 20 मध्ये माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड आहे, तो कुणालाही झाला नाही.

यात श्रीलंका कुठून आली? तर त्यांच्या 2016 च्या कायद्यात कलम 9 आहे. सरकारी पैशाचा 5 लाख श्रीलंकन रुपयांच्या वरचा प्रकल्प असेल तर त्याची माहिती काम सुरू व्हायच्या 3 महिने आधी लोकांसमोर ठेवायची, लोकांनी मागायची वाट बघायची नाही. तातडीच्या कामाला सवलत आहे, पण नियम हा. आमच्या योजनेला हे लागू असतं तर पाइप कुठपर्यंत जाणार हे वरच्या वस्तीतल्या बायांना आधीच कळलं असतं आणि चर वस्तीपर्यंत येत नाही म्हणताच त्यांनी ठेकेदाराला अडवलं असतं. आपल्या कलम 4 मध्ये स्वतःहून माहिती द्या असं आहेच, पण काम सुरू व्हायच्या आधी इतके महिने असं बांधून घातलेलं नाही. शिवाय तिथे अर्जाला फी नाही. माहिती आयुक्त (अपिलं ऐकणारे) निवडताना वकिलांच्या, पत्रकारांच्या आणि सामाजिक संस्थांकडून नावं मागवतात आणि 5 वर्षांची मुदत कायद्यातच आहे. आपण 2019 च्या दुरुस्तीने आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवायचा अधिकार केंद्र सरकारच्या हातात दिला.

नेपाळच्या 2007 च्या कायद्यात राजकीय पक्ष सरळ सार्वजनिक संस्थेच्या व्याख्येत आहेत आणि माहिती द्यायची मुदत 15 दिवसांची. आपल्याकडे 2013 मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष कायद्याखाली येतात असा आदेश दिला, एकाही पक्षाने तो पाळला नाही. त्यांनी आपल्याकडून घ्यावं असंही आहे म्हणा, नेपाळमध्ये माहिती कशासाठी हवी याचं कारण लिहावं लागतं, आपल्या कलम 6(2) प्रमाणे कारण विचारताच येत नाही. आणि आपली वाईट गोष्टही बाहेर दिसते, बांगलादेशच्या 2009 च्या कायद्यात गुप्तचर यंत्रणा वगळणारी यादी आपल्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीसारखीच (तिथेही अशाच यंत्रणांची यादी) आहे.

सहकार्य शक्य आहे का, तर सार्ककडून (दक्षिण आशियाई देशांची संघटना) अपेक्षा ठेवू नका, 2014 च्या काठमांडूच्या बैठकीनंतर त्यांची शिखर परिषदच झालेली नाही. अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेने 2010 मध्ये नमुना कायदा केला, आफ्रिकेच्या मानवाधिकार आयोगाने 2013 मध्ये, आपल्या भागात तसं काही नाही. पण आपला कायदा तरी कसा आला? तामिळनाडू आणि गोवा 1997, राजस्थान आणि कर्नाटक 2000, महाराष्ट्र 2002, राज्यं पुढे गेली, राजस्थानात मजूर-शेतकऱ्यांनी ब्यावरला धरणं धरलं, इकडे अण्णा हजारे मुंबईत आझाद मैदानात उपोषणाला बसले, मग दिल्ली हलली. देशादेशांतही हे कार्यकर्ते, पत्रकार, माजी आयुक्त यांच्या येण्याजाण्यातूनच होईल.

कागदावरचा कायदा म्हणजे सगळं नाही हेही सांगतो, अफगाणिस्तानचा 2018 चा कायदा जागतिक क्रमवारीत पहिला होता आणि 2021 नंतर तो वापरायला सरकारच तसं राहिलं नाही. आणि दादा म्हणतो तसे अर्ज टाकून पैसे उकळणारे आहेत, मी स्वतः ओळखतो, पण उकळायला मिळतं कारण कागद लपवलेले असतात. सगळ्या एमबी वेबसाइटवर टाका, मग कोण कुणाकडून काय उकळणार? दादाला हे विचारलं की तो विषय बदलतो.

तुम्ही स्वतः अर्ज करणार असाल आणि महाराष्ट्रात असाल तर एका अर्जात एकच कागद मागा, अभिलेख सापडत नाही असं उत्तर आलं तर अपिलात पोलीस तक्रारीची प्रत मागा.