रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग आजार कसला?

मनाच्या आजाराचं निदान कसं होतं, याबद्दल विचारणारी चार वाचकांची पत्रं इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

प्रश्न : मिस्टर ४१ वर्षांचे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम. तीन महिन्यांत चार-पाच वेळा अचानक छातीत धडधड, दरदरून घाम, हातांना मुंग्या. 'आता मी जातोय' म्हणतात. दोनदा रात्री ॲडमिट केलं. ईसीजी, टू-डी इको, रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, काही नाही, टेन्शन घेऊ नका. आता ते एकटे गाडीवरून कामाला जायला तयार नाहीत. काही नाही, तर मग हे काय?

उत्तर : हृदयात काही नाही, एवढाच त्याचा अर्थ. वर्णनावरून हा पॅनिक डिसऑर्डर असावा असं वाटतं. पक्कं निदान त्यांना समोर बसवूनच होईल. हा झटका साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि मग ओसरू लागतो. रिक्षा दवाखान्यात पोचेपर्यंत तो उतरणीला लागलेला असतो. धडधड खरी असते, ती ॲड्रेनलिनमुळे होते. मुंग्याही खऱ्याच. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे त्या येतात. तेव्हा 'नाटकं करतोय' असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.

एखादा झटका कुणालाही येऊ शकतो, त्याला आजार म्हणत नाहीत. पुन्हा येईल या धास्तीत महिनाभर किंवा जास्त काळ गेला, किंवा माणूस गोष्टी टाळू लागला, की आजार म्हणतात. म्हणून तुमच्या पत्रातलं गाडीचं वाक्य मला सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त सांगून गेलं.

पॅनिक सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही. तपासण्या करायच्या त्या दुसरं काही नाही ना, हे बघायला. 'रक्त नॉर्मल' म्हणजे पुष्कळदा फक्त हिमोग्लोबिन आणि साखर असते. कागद काढून टीएसएच ही थायरॉईडची तपासणी आहे का बघा, कारण थायरॉईड जास्त काम करू लागला की हुबेहूब असंच दिसतं. दिवसाला चहा किती, दारू किती आणि ती मधेच बंद केली होती का, हेही डॉक्टरांना खरं सांगा. उपचार चांगले आहेत : विचार-वर्तन उपचारपद्धती, गरज पडल्यास मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी एसएसआरआय गटातली औषधं. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि पहिले काही दिवस अस्वस्थता वाढूही शकते. नेमकं तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. अल्प्राझोलाम या भीती शमवणाऱ्या गोळीने अर्ध्या-एक तासात बरं वाटतं, पण तिची सवय लागते. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून ती आणून ठेवू नका. आणि जिना चढताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर 'पॅनिकच असेल' असं धरून घरी बसायचं नाही.

प्रश्न : एमपीएससीची तयारी करतो. मोबाईलवर नऊ प्रश्नांच्या चाचणीत १७ गुण आले. मला डिप्रेशन आहे का?

उत्तर : ती चाचणी पीएचक्यू-९ असणार, २७ पैकी. दहा किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी करावी, इतकंच ती सांगते. ती फक्त गेल्या दोन आठवड्यांचं विचारते. परवा निकाल लागला की घरात कुणी गेलं, हे तिला माहीत नसतं. उदासी किंवा कशातच रस नसणं, यांपैकी एक तरी धरून नऊपैकी पाच लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज असली आणि कामात अडथळा आला, तर डिप्रेशनचा विचार होतो. शिवाय ही चाचणी एक महत्त्वाचा प्रश्न विचारतच नाही : याआधी कधी तीन-चार तास झोपूनही तरतरीत, अखंड बडबड, पैसे उधळणं, असे दिवस गेले होते का? तसं असेल तर आजार बायपोलर, म्हणजे कधी उदासी तर कधी अतिउत्साह असा, असू शकतो, आणि त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो.

नवव्या प्रश्नाला, म्हणजे स्वतःला संपवण्याच्या विचाराला, शून्य सोडून काहीही उत्तर दिलं असेल तर बेरीज राहू दे. आजच कुणाला तरी सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आमचं गाव पंचगंगेकाठी. २०१९ ला घरात छतापर्यंत पाणी, २०२१ ला पुन्हा. आता जुलैत पाऊस लागला की आई (५८) झोपत नाही, तासातासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते, सामान माळ्यावर चढवते. वडील म्हणतात, सवयच झालीय. हे डिप्रेशन का?

उत्तर : वडिलांचं निम्मं बरोबर आहे. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदीकाठी राहून पाणी चढताना सामान हलवणं हा शहाणपणा आहे, आजार नव्हे. मी विचारीन ते फेब्रुवारीचं. नदी तळाला असतानाही पुराची स्वप्नं पडतात का? टाकी भरून वाहिल्याच्या आवाजाने दचकतात का? पूर आलेल्या खोलीत जायचं टाळतात का? हे महिन्याहून जास्त टिकलं आणि जगणं अडलं, तर तो आघातानंतरचा तणावविकार, पीटीएसडी. सोबत डिप्रेशनही असू शकतं, दोन्ही एकत्र बऱ्याचदा दिसतात. आघातावर केंद्रित मानसोपचाराने यात फरक पडतो. 'विसरून जा' म्हणू नका, आणि पाहुण्यांपुढे पुराची हकिकत पुन्हा सांगायलाही लावू नका. खरं तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात बीपी-शुगरबरोबर 'घरात पाणी आलं होतं का?' हेही प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवं.

प्रश्न : मुलगा २० वर्षांचा. चार महिने खोलीतच. शेजारी पाळत ठेवतात म्हणतो, एकटाच हसतो-बोलतो. करणी आहे म्हणून देवऋषाकडे तीन अमावास्या झाल्या. चौथी करायची का?

उत्तर : नको. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात हा विभाग आहे. ही सायकोसिसची, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं होण्याची, लक्षणं वाटतात. ती गांजामुळे आहेत, मेंदूच्या दुसऱ्या आजारामुळे की स्किझोफ्रेनियामुळे, हे तपासून आणि काही काळ बघून ठरतं. निदानाची अमेरिकन नियमावली स्किझोफ्रेनिया म्हणायला सहा महिने मागते, जागतिक आरोग्य संघटनेची एक महिना. उपचार मात्र नाव ठरायची वाट बघत नाहीत, कारण जितका उशीर तितकं सावरणं अवघड. जोतिबाला जा, मी अडवणार नाही, पण गोळ्या चालू ठेवून. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण केली, साखळीने बांधलं, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे.

'कुणी पाळत ठेवत नाही' म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, होला हो पण करू नका. 'झोप नीट होत नाही, तेवढं दाखवून येऊ' म्हटलं तर मुलं सहसा येतात. जेवणपाणी सोडलं, कुणाच्या अंगावर गेला किंवा मरणाचं बोलला, तर त्याच दिवशी आणा. लग्नाच्या बाजारात कळेल ही भीती असेल, तर उपचाराची माहिती गुप्त राखणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने डॉक्टरांवर बंधनकारक आहे. येताना एका कागदावर लिहून आणा : झोप कधी बिघडली, कॉलेज कधी सुटलं, संशय कधी सुरू झाला. आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणा आणि देवऋषाने दिलेली पुडीसुद्धा. तिच्यात काय मिसळलंय तेही बघावं लागतं.