विचारा तर खरं : कडक मंगळ, सौम्य मंगळ

प्रश्न : मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड सगळं करून देते. पण लग्नसराईत प्रिंटर चालतो तो पत्रिकांवरच. ॲपवर जन्मवेळ टाकली की दोन मिनिटांत पत्रिका हजर. माझा भाऊ 31 वर्षांचा आहे. बी.एस्सी. झालाय, आठ एकर शेती करतो. 'कडक मंगळ' म्हणून तीन ठिकाणांहून नकार आला. उपग्रहावरून हवामान कळतं त्या काळात लोक अजून ग्रहांना का विचारतात? – एक वाचक

उत्तर : पोरी, मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा आधी हिशेब. आपल्याकडच्या रीतीने मंगळ पत्रिकेतल्या 1, 4, 7, 8 किंवा 12 व्या घरात असला की झाला मंगळदोष. बारांतली पाच घरं, म्हणजे शंभरातले चाळीसेक जण मंगळाचेच. साडेसातीचंही तसंच. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं राहतो आणि एका वेळी तीन राशींना साडेसाती असते. म्हणजे गावातला दर चौथा माणूस. चौथा माणूस अडचणीत नाही असं गाव कापसाच्या पट्ट्यात तरी मी पाहिलेलं नाही, मग भाकीत चुकणार कसं? त्यातही मंगळ 'कडक' आणि 'सौम्य' असतो. सोयरीक जमवायची असली की सौम्य निघतो.

आता माझीच गोष्ट सांगते. लेकीसाठी दारव्ह्याकडे स्थळ पाहायला गेलो होतो. माणसं चांगली, पोहे झाले, चहा झाला. तेवढ्यात मागच्या दारातून मुलाची आई हापशीवरून पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, आणताना दिसली, घामाने निथळत. घरात तीन धडधाकट बाप्ये बसलेले, एकही उठला नाही. लेकीने माझा हात दाबला. परतल्यावर ह्यांनी मध्यस्थाला सांगितलं, "गुण चौदाच निघाले." छत्तीसपैकी अठरा तरी लागतात, त्यामुळे पुढे कोणी काही विचारलं नाही. गुण आम्ही काढलेच नव्हते. ते कुटुंब आजही बाजारात भेटलं की रामराम करतं. "तुमच्या घरात बायकांना पाणी भरावं लागतं" असं तोंडावर म्हणालो असतो, तर तो रामराम राहिला असता का? आमच्या शेजारीण काकू म्हणतात तसं, "नाई म्हनाले कोनाचा तरी खांदा लागते, बापा." तो खांदा मंगळ देतो. ॲप काय करतं, तर तो खांदा दोन मिनिटांत आणून देतं.

ज्योतिष खरं ठरतं म्हणून टिकलं, असं मात्र समजू नकोस. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली पुण्यात चाचणी घेतली होती. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांना त्यातल्या प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कोणती पत्रिका कोणाची ते ओळखायला सांगितलं. सरासरी 46 टक्के बरोबर आले. नाणं उडवलं तरी पन्नासच्या आसपास येतात. हे मी पारावर सांगितलं तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, "बाई, नाणं मले सांगत नाई ना, का शनिवारी तेल वाह्य म्हनून." गणिताच्या बाईला उत्तर सुचलं नाही. हातावर हात धरून बसलेल्या माणसाला करायला काहीतरी मिळतं, ही गोष्ट टक्क्यांत मावत नाही.

पावसाचंच घे. मृग नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव (त्यावरून पाऊस कसा ते सांगतात), हे पंचांगवाले सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजून, नऊने भागून, बाकीवरून ठरवतात. चौथीतलं पोर करेल असा भागाकार. उपग्रहाचा अंदाज त्याहून कितीतरी खरा, पण मोबाइलवर येतं 'विदर्भात तुरळक ठिकाणी'. सर्कीची, म्हणजे कपाशीच्या बियाण्याची, पिशवी फोडून बांधावर बसलेल्याला विदर्भ नको असतो, त्याला नाल्याच्या अलीकडचं आपलं शिवार हवं असतं. अंदाज हुकून दुबार पेरणी आली की हवामान खात्याला शिव्या बसतात. बेडकाला आजवर कोणी शिवी दिलेली मी तरी ऐकली नाही. आणि कापसाचा भाव दिवाळीनंतर काय राहील, हे तर उपग्रहही सांगत नाही.

तेव्हा तुझ्या भावाला आलेले तीनही नकार मंगळाचे असतील असं मला वाटत नाही. मध्यस्थाला एकटं गाठ, चहा पाज आणि खरं काय ते विचार. उत्तर कडू असू शकतं, कोरडवाहू शेती आणि नोकरी नाही असंही निघेल. आणि बायोडाट्यात विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असतं ते लिहायला सांग. मागच्या महिन्यात आमच्या ओसरीवर एका मुलीचे वडील बसले होते. पत्रिकेची घडी न उघडताच त्यांनी मुलाच्या काकांना पहिलं तेच विचारलं.