मथळ्यातला मूर्ख

प्रिय,

अनेक आशीर्वाद. शहाद्याहून पाठवलेली तुझी बियाण्याची बातमी वाचली. माहिती चोख आहे. मथळा मात्र मी अडवून ठेवला आहे: ‘मोहापायी शेतकरी फसले’.

तू यात खुळ्यात कोणाला काढलंस ते बघ. तणनाशक सोसणारं, परवानगी नसलेलं कपाशीचं बियाणं चोरून घेणारा माणूस निंदणीच्या मजुरीचा हिशोब मांडूनच ते घेतो. ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याला मे महिन्यातच लागवड उरकायची असते. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग ती टाळायला सांगतो. मग तो शेतकरी ओळखीपाळखीतून पाकिटं मिळवतो, पावतीविना. उगवलं नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? या हिशोबाची एक ओळही बातमीत नाही. ‘मोह’ वाचून वाचक हळहळतो, पान उलटतो आणि विकणारा सुटतो.

रोजच्या बातमीदारीत ही सवय फार लवकर लागते. ऑनलाइन गंडा असो की दामदुप्पट, ज्याचे पैसे गेले त्याचीच अक्कल आपण तपासतो. पैसे कोणाच्या खात्यात वळले, सिम कोणाच्या नावावर होतं, याला जेमतेम शेवटचं वाक्य मिळतं.

राईनपाडा आठव. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या त्या गावात, मुलं पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अशा वेळी ‘अडाणी जमाव’ हे शब्द लेखणीवर आपोआप येतात. ते दुहेरी अन्याय करतात. मारणाऱ्यांचा गुन्हा हलका होतो आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या आदिवासींवर डाग बसतो. अफवा मोबाइलवरून आधीपासून फिरत होती. अशी अफवा कानावर आली की त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा, मूल पळवल्याची तक्रार दाखल आहे का ते विचार आणि मिळालेलं उत्तर ठाण्याच्या नावासकट ठळक छाप. जीव वाचवणारी बातमी ती, आणि ती आठवडी बाजाराला गर्दी जमण्याच्या आदल्या दिवशी यायला हवी.

मूर्खपणाला मूर्खपणा म्हणूच नये, असं मी म्हणत नाही. १८९७ मध्ये रँडवरच्या हल्ल्यानंतर पुण्यात दडपशाही सुरू झाली, तेव्हा ‘केसरी’ने विचारलं, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ तो सवाल सत्तेला होता, आणि विचारणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकत होती. शेतकऱ्याला खुळं ठरवायला आपल्याला काहीच पडत नाही. समर्थांनी ‘दासबोधा’त मूर्खाची लक्षणं सांगून पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. तो आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावा.

उद्या तालुका कृषी कार्यालयात जा. जप्त पाकिटांवर कोणाचं नाव छापलंय, माल कुठून आला, गुन्हा कोणावर दाखल झाला, एवढं विचारून ये. फसलेल्यांपैकी दोघांना त्यांच्या शेतातच भेट आणि एकरी निंदणीचा खर्च लिहून घे. मथळा त्यानंतर ठरवू.