शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे आणि कुंपण घालायचंय, आधी काय करावं?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. तुमचा आणि शेजारच्या गटाचा सामाईक बांध साधारण ४०० फूट लांब आहे. काही वर्षांत तो तुमच्याकडे दीडएक फूट सरकलाय असं तुम्हाला वाटतं. तारेचं कुंपण घालायला काढलं तर शेजारी म्हणतो, "पोल माझ्यात येतोय." मोजणी आणावी, पोलिसांत जावं की सोडून द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

सोडून देऊ नका, पण पोलिसांकडून हद्दीचा निकाल लागेल अशीही आशा धरू नका. तिथे फार तर अदखलपात्र नोंद होते आणि दिवाणी बाब म्हणून परत पाठवतात. पोल तर आत्ता मुळीच रोवू नका. हद्द ठरायच्या आधी पोल उभा राहिला की दोन्ही घरांत बोलणं तेवढ्यावरच अडकतं, आणि कुणीतरी रात्री तो उपटला की मग खरंच पोलीस येतात.

आधी वाद केवढ्याचा आहे ते मांडा. ४०० गुणिले दीड म्हणजे ६०० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त, आण्यांत सांगायचं तर (गुंठ्याचे सोळा आणे) नऊ आण्यांच्या जवळपास. हे क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. पण नऊ आण्यांसाठी वर्षानुवर्षं तारखा करायच्या की दोन दिवस बांधावर उन्हात उभं राहायचं, हे आकडा समोर असला की नीट ठरवता येतं.

बांध सरकतो कसा ते एकदा खाली बसून बघा. कोरलेली बाजू उभी असते, माती ताजी दिसते, गवताची मुळं हवेत लोंबकळत असतात. न कोरलेली बाजू उतरती आणि हिरवळलेली असते. रोटाव्हेटर बांधाच्या अंगाला घासून गेला की पायथा सुटतो, पावसात वरची कड ढासळते, आणि पुढच्या वर्षी ड्रायव्हर त्या नव्या कडेला धरून चालतो. ट्रॅक्टर बहुतेकदा भाड्याचा असतो आणि मालक बांधावर नसतो. इकडे बांध बारीक झाला म्हणून आपण आपल्या बाजूची माती ओढून तो जाड करतो. असा तो दर वर्षी चार बोटं आपल्याकडे चालत येतो. बांधाच्या मधोमध असलेला जुना लिंब किंवा बाभूळ आता एका कडेला उघडी मुळं घेऊन उभी असेल, तर तुमचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे. आणि शेजाऱ्याने ठरवून केलं असेलच असं नाही, हेही त्यातूनच दिसतं. बोलायला जाताना ही गोष्ट मनात असू द्या.

मोबाइलवरच्या भूनकाशावरून मात्र वाद घालू नका. गावचा गट नकाशा फार लहान प्रमाणावर काढलेला असतो. १:१०,००० च्या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर दहा मीटर, नुसत्या रेघेची जाडीच तुमच्या दीड फुटाला गिळून टाकते. फोनचं जीपीएसही उघड्या रानात चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं. गट कुठे आहे हे ओळखायला हे ठीक आहे, हद्द त्यावरून ठरत नाही.

हद्दीचा खरा कागद म्हणजे टिपण, मूळ मोजणीच्या वेळी काढलेलं, बाजूंची मापं लिहिलेलं गटाचं रेखाचित्र. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून तुमच्या गटाच्या टिपणाची, आणि पोटहिस्सा पडलेला असेल तर फाळणीची, म्हणजे पोटहिस्स्यांच्या मोजणीच्या कागदाची, नक्कल काढा. जुन्या टिपणांत अंतरं साखळी-आण्यांत असतात. एक साखळी ३३ फूट, तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. टिपणात त्या बाजूला १२ साखळी ८ आणे लिहिलं असेल तर ते ४१२ फूट ६ इंच झालं. आणि एक गोष्ट नीट बघा, ती रेघ सरळ आहे की मध्ये वाकलेली आहे. वाक असताना दोन टोकांत सरळ दोरी ताणली तर मधल्या भागात चार-पाच फुटांचा फरक सहज पडतो आणि खरा असलेला माणूसही खोटा ठरतो.

मग शेजाऱ्याकडे जा. एकटे जा. जो मोठा असेल त्याला मोठ्यासारखंच बोला: "अण्णा, पेरणीआधी एकदा दोघं मिळून बांध बघू. टेप मी आणतो, टिपणाची नक्कल तुमच्यासाठीही काढलीय." कोरण्याचा विषय काढू नका. चार माणसांसमोर "तुम्ही माझं रान खाल्लं" असं म्हटलं की कबूल करण्याची वाट बंद होते. भाऊबंद असेल तर जास्तच सांभाळा, तिथे बांधाबरोबर जुनी वाटणीही वर येते.

दोघांनी मोजताना कोपऱ्याच्या दगडापासून सुरुवात करा. जिथे तीन गट मिळतात तो कोपरा सगळ्यांत भरवशाचा, कारण तो हलवायचा तर तिघांना कळतं. दगड दिसत नसेल तर टिकावाने हळूहळू फूट-दीड फूट खणा. बरेच दगड नाहीसे झालेले नसतात, मातीखाली गेलेले असतात किंवा वरून तुटलेले असतात. तुटका बुंधा सापडला तर तो जागचा हलवू नका, आहे तसाच फोटो काढा. मोजायला तीस मीटरचा टेप आणि गवंड्याची लाइनदोरी घ्या. सुती दोरी ताणली की लांबते आणि वाऱ्याने पोट काढते. दर ५० फुटांवर खुंटी ठोका आणि खुंट्यांच्या रेषेत फक्की टाका. पांढरी रेघ जमिनीवर उमटली की निम्मे वाद तिथेच विरघळतात, कारण बहुतेक वेळा फरक दोघांच्याही मनातल्या आकड्यापेक्षा कमी निघतो.

जमलं तर त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून ठेवा. त्यात गट नंबर, कोणत्या खुणेपासून किती फुटांवर रेघ आली, तारीख, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मात्र शब्द जपून वापरा. "ही आमची आधीपासूनची हद्द आम्ही ओळखून मान्य केली" असं लिहा. "मी दीड फूट जमीन दिली" असं लिहू नका. जमीन देणं-घेणं साध्या कागदावर होत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो, आणि शेतजमिनीचा असा पट्टा विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

नाहीच जमलं तर सरकारी मोजणी. अर्जात प्रकार 'हद्द कायम' निवडा. ताजा सातबारा आणि लगतच्या सगळ्या खातेदारांची नावं-पत्ते लागतात. यातला एक पत्ता चुकला तर नोटीस पोचत नाही, आणि ज्याला नोटीस मिळाली नाही तो नंतर मोजणीलाच आव्हान देतो, त्यामुळे इथे घाई करू नका. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगतीला ८,००० रुपये आहेत. शेजारी तयार असेल तर त्यालाही त्याच्या गटाचा अर्ज सोबतच करायला सांगा. एकाच गटाची मोजणी झाली की दुसरा ती आपल्याविरुद्धची समजतो. शिवाय तुमची कमी पडलेली जमीन या बाजूला नसून पलीकडच्या तिसऱ्या शेजाऱ्याकडे निघते, असंही पुष्कळदा होतं.

तारीख पीक काढल्यावरची आणि पेरणीआधीची मिळेल असं बघा. उभ्या उसात खुणाही सापडत नाहीत आणि नजरही पोचत नाही. मोजणीच्या दिवशी चार-पाच हद्दीचे दगड, पहार, कुदळ, फक्की आणि दोन गडी तयार ठेवा. भूकरमापक, म्हणजे मोजणीला येणारा सरकारी कर्मचारी, खूण दाखवून जातो. दगड त्याच्या देखत बसला नाही तर आठवड्याने खुंटी कुठे होती यावर नवा वाद सुरू होतो. दगड किमान दीड फूट जमिनीत जाऊ द्या. लगेच दोन कायमच्या वस्तूंपासून, म्हणजे विहिरीचा कठडा, विजेचा खांब, घराचा कोपरा यांपैकी कोणत्याही दोहोंपासून, त्या दगडाचं अंतर मोजून लिहून ठेवा. उद्या दगड गेला तरी या दोन अंतरांवरून जागा पुन्हा सापडते. हरकत असेल तर ती तिथेच जबाबात लिहून द्या, तोंडी बोलून उपयोग नाही.

नंतर 'क' प्रत, म्हणजे झालेल्या मोजणीचा नकाशा, मिळते. तिच्यात अभिलेखाची हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट दोन्ही दाखवलेली असतात. मोजणी मान्य नसणाऱ्याला निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते आणि त्याच्यावर सुपर निमताना. इथे बरेच जण फसतात: मोजणीने हद्द कळते, ताबा आपोआप मिळत नाही. शेजारी 'क' प्रत बघूनही हटला नाही, तर जमीन महसूल संहितेखाली हद्दीचा निर्णय मागून ताब्यासाठी अर्ज, किंवा दिवाणी दावा, हे मार्ग राहतात. अगदी अलीकडेच जबरदस्तीने ताबा गेला असेल तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खालचा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आणि बारा वर्षं कुणी उघडपणे, स्वतःची म्हणून जमीन वहिवाटली तर तो कब्ज्याचा हक्क सांगू शकतो. म्हणूनच मी सुरुवातीला सोडून देऊ नका म्हटलं. या पायरीआधी गावच्या तंटामुक्ती समितीसमोर 'क' प्रत ठेवून एकदा बसून बघा. कागद हातात असताना गावातली माणसं बरोबर बोलतात.

आता कुंपण. ते हद्दीच्या रेघेवर नको, तुमच्या बाजूला दीड फूट आत घाला. पोलाचं काँक्रीट खड्ड्यात पसरतं, तुम्हाला दुरुस्तीला पाय ठेवायला जागा लागते, आणि शेजाऱ्याचा बैल औत वळवताना काट्यांत सापडत नाही. पोल आठ फुटी घ्या, दोन फूट जमिनीत. दहा फुटांवर एक धरला तर ४०० फुटांना ४१ पोल. पाच पदरी तार म्हणजे २,००० फूट, साधारण ६१० मीटर. गाठी आणि ताणासाठी धरून ६५० मीटर आणा. कोपऱ्याच्या पोलाला दोन्ही दिशांनी तिरपा टेका द्या आणि मध्ये दर शंभर-सव्वाशे फुटांवर एकेक. टेका नसला की पहिल्याच वर्षी कोपरा आत झुकतो आणि सगळे पदर ढिले पडतात. मोकाट जनावरं बाहेरून रेटत असतील तर तार पोलाच्या बाहेरच्या अंगाला बांधा, म्हणजे रेटा पोलावर येतो, बांधलेल्या तारेच्या तुकड्यांवर येत नाही. घरची वीजजोडणी कुंपणात कधीही सोडू नका, माणूस मरतो.

दोन गोष्टी कुंपणाने अडवू नका. बांधावरून शेजाऱ्याची वहिवाटीची वाट असेल तर तिथे फाटक ठेवा. वाट अडवली तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाऊ शकतो, आणि तिथे तुमची बाजू लंगडी पडेल. दुसरं म्हणजे पावसाचा ओघळ. जाळी लावलीत तर काडीकचरा अडकून पाणी तुंबतं आणि बांध फुटतो, म्हणून ओघळाच्या जागी खालचे दोन पदर सोडून द्या. बांधावरच्या आंबा, चिंच, जांभूळ अशा झाडांना परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका, ती दोघांनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक मानलेली असली तर विचारल्याशिवाय फांदीही नको.

हद्द ठरली की त्या उन्हाळ्यातच बांध नवा करून घ्या. तळाशी तीन फूट, उंची दीड-दोन फूट, माती दोघांच्या रानातून निम्मी-निम्मी. पहिल्या पावसाबरोबर दोन्ही अंगांना मारवेल गवताचे ठोंब फुटाफुटावर लावा, त्याची मुळं कड धरून ठेवतात आणि जनावरांना चाराही होतो. ट्रॅक्टरवाल्याला दोघांनीही एकच सांगा: बांधापासून फूटभर सोडून रोटाव्हेटर, उरलेली पट्टी कुदळीने.